बंब बंद होता की घासला होता

आमच्याकडं दगडाचं काही नवल नाही. जामखेडच्या या अंगाला नांगर घातला की आधी दगड वर येतो, मग माती. त्यातला एखादा जरा गुळगुळीत, जरा वेगळ्या रंगाचा निघाला की तो बांधावर जाऊन बसतो, त्याला शेंदूर लागतो आणि पुढच्या साली त्याच्यापुढं नारळ फुटतो. पण प्लास्टिकच्या डब्यात, खाली-वर स्पंज घालून, पुण्याहून एस.टी.त मांडीवर बसून आलेला दगड मी या वयात पहिल्यांदाच बघितला. गेल्या दिवाळीला माझ्या लेकीची लेक तो घेऊन आली.

ती पुण्यात शिकते. काय शिकते ते मला बरेच दिवस सांगता येत नव्हतं. कुणी विचारलं की मी म्हणायचे, "दगडाचं काहीतरी हाय, लई मोठं हाय." माझी धाकटी जाऊ भिंतीला भिंत लावून राहते आणि दिवसातून दहा वेळा माझ्या ओट्यावर असते. ती एकदा म्हणाली, "एवढं शिकून शेवटी दगडंच फोडायची व्हती तर रोजगार हमी काय वाईट व्हती? आपुन दोघींनी फुकट शिकवली असती तिला." नातीला हे कळलं तेव्हा तिनं ते पुण्यात सगळ्यांना सांगितलं म्हणे.

मला मात्र खरंच जाणून घ्यायचं होतं. शाळा मी दोन इयत्ता पाहिली. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर झालं. साखर डब्यात ओतायची आणि कागद सपाट करून वाचायचा. पुडीच्या कागदाची एक खोड असते, गोष्ट नेमकी मधेच फाटलेली असते. त्यामुळं पुढं काय झालं हे विचारायची सवय मला जी लागली ती गेलीच नाही. पोरं कंटाळतात. ही एक नात कंटाळत नाही.

तर आल्या आल्या तिनं डबा उघडला. आत हाताच्या पंजाएवढी दगडाची फोड होती, बोटभर जाडीची, एका बाजूनं आरशासारखी घासलेली. रंग चहात दूध जास्त झाल्यावर होतो तसा. आणि त्यात रेघाच रेघा, कांदा उभा चिरल्यावर दिसतात तशा, एकात एक बसलेल्या. वरनं खाली बोट फिरवलं तर गारगार आणि गुळगुळीत. मधोमध एकच रेघ काळपट, बाकीच्यांपेक्षा जाड.

"कुठला हा?" मी विचारलं.

"पार उत्तरेचा, आज्जी. रशियाच्या वरच्या अंगाचा. तिथं जमीन बाराही महिने गोठलेली असते."

"जमीन कशी गोठंल? पानी गोठतं."

"मातीतलं पाणी गोठतं ना. आपली बोअर जेवढी खोल आहे तेवढी जमीन दगडासारखी घट्ट. काही ठिकाणी त्याहून खोल."

जाऊ शेंगा निवडत बसली होती. ती म्हणाली, "मंग हापसा कुठं घेत्यात?"

नात म्हणाली, "धाकट्या आज्जी, बर्फ वितळवून पितात."

"बया. तिथं बी सरपनाचाच जाच."

मग नातीनं मला नीट सांगितलं, आणि मी तिला सतरा वेळा अडवून समजून घेतलं, ते असं. तिकडच्या डोंगरात गुहा आहेत, चुनखडीच्या. वरनं पाऊस पडला, बर्फ वितळला की ते पाणी मातीतनं झिरपतं, चुना विरघळून घेतं आणि गुहेच्या छतातनं ठिपकतं. थेंब पडला की पाणी निघून जातं आणि चुन्याचा कण तेवढा मागं राहतो. कणावर कण बसून खालनं दगड वाढतो, वर्षानुवर्षं, केसाएवढा केसाएवढा. पण जमीन गोठलेली असली की पाणी झिरपत नाही, थेंब पडत नाही, दगड वाढत नाही. आज त्या गुहा कोरड्याठाक आहेत. एक थेंब नाही. आणि तरी आत असले दगड उभे आहेत, कुठं हातभर, कुठं त्याहून मोठे. म्हणजे कधीकाळी तिथं एवढी ऊब होती की जमीन मऊ झाली होती, वर झाडं असतील, खाली थेंब पडत होते. ते कधी, किती काळ, हे या लोकांना दगडातनं काढायचं असतं. उद्या ऊन वाढत गेलं तर ती जमीन पुन्हा मऊ होणार का, हे त्यातनं कळतं म्हणे.

"आनि किती जुना हे कसं कळलं? कुनी लिवलंय का त्याच्यावर?"

"दगडात एका धातूचा अगदी कणभर अंश असतो. तो ठरलेल्या गतीनं दुसऱ्या धातूत बदलत जातो. किती बदललाय ते यंत्रावर मोजायचं."

"म्हंजे दही किती घट झालंय त्याच्यावरनं दूध कवा लावलं ते कळतं तसं."

"हो, साधारण तसंच. हा दगड लाखो वर्षांचा आहे."

मी त्या फोडीकडं पुन्हा बघितलं. मग माझ्या डोक्यात आलं ते बोलून टाकलं. "आगं, म्हंजे हा आपल्या बंबातला थर."

आमच्याकडचं पाणी जड. हापशाचं तर असं होतं की बंबात तापवून तापवून आत पांढरी खपली धरायची, नळीला तर कवलासारखी. नातीनं टाळीच वाजवली. "तोच, आज्जी. तोच चुना. बंबात तो गरम झाल्यानं बसतो, गुहेत हवा लागल्यानं, पण माल तोच." तिला म्हणे हे असं कुणाला सांगायचं सुचलंच नव्हतं. मला बरं वाटलं. जाऊ म्हणाली, "लाखो वर्साचा थर म्हंजे किती आंगुळी झाल्या आसतील."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण पोरीच्या जिवाला घोर होता. तो त्या काळपट रेघेचा. रेघेच्या खाली दगड वाढला होता, वर वाढला होता, पण मधे फार मोठा काळ काहीच नव्हतं. तिनं लिहून ठेवलं होतं की त्या वेळी तिथं कडक थंडी आली, जमीन गोठली आणि थेंब थांबले. दोन वर्षांचं तिचं काम त्या एका रेघेवर उभं होतं. आणि तिचे सर म्हणाले होते, थांबलं हे दिसतंय, पण थंडीनंच थांबलं कशावरून? दिवाळीनंतर उत्तर द्यायचं होतं. या दगडाचे उभे दोन भाग केलेले, एक यंत्राखाली गेला होता आणि हा दुसरा तिनं मागून घेतला होता, शांतपणे भिंगातनं बघायला.

"आनि थंडीनं न्हाई थांबलं म्हनले तर?" मी विचारलं.

"तर अर्धं पुन्हा लिहायचं." ती हसली, पण हसण्यासारखं तोंड नव्हतं.

रात्रीपुरता डबा कुठं ठेवायचा यावर तीच म्हणाली, "देवघराच्या फळीवर ठेवते. तिथं कुणाचा हात लागत नाही."

खरं आहे. माझा सोडून कुणाचाच लागत नाही.

दुसऱ्या दिवशी वसुबारस. नात मामाबरोबर जामखेडला बाजाराला गेली होती. मी दिवाळीचे देव घासायला काढले. आमच्याकडं चांदीचे टाक आहेत ते रांगोळीनं घासायचे, पितळेचा बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा चिंचेनं, तांब्याचा गडवा लिंबाच्या फोडीवर मीठ घेऊन. एकेक घासून पाटावर ओळीनं ठेवत होते. फळी पुसायला घेतली तर डबा हाताला लागला. उघडून बघितला. आता काय सांगू, मला त्याला तसं ठेववेना. सगळे देव चकचकीत होणार आणि हा एवढा लाखो वर्षांचा, एवढ्या लांबनं आलेला, त्यानं तसंच बसायचं? वरच्या कडेला करवतीची भुकटीही होती. पूजा करायची असं मनात नव्हतं. दिवाळीला घरात असलेल्या प्रत्येकाला आंघोळ घालायची, एवढंच मनात होतं.

पण लावायचं काय? चांदी नव्हे, पितळ नव्हे. रंग पिवळसर, म्हणून मी पितळेत धरला. चिंच लावली, वरनं लिंबाची फोड घेतली आणि वरच्या अंगानं खाली चोळत आले.

हाताखाली काहीतरी चुरचुरलं. ऐकू आलं असं नाही, बोटालाच कळलं. लिंबू उचलून बघते तर दगडावर बारीक बारीक फेस, जणू तो श्वास टाकतोय. मी भाबडी, आधी मला वाटलं मळ निघतोय. आणि मग एकदम आठवलं. बंब. दर दिवाळीला मी बंबात चिंचेचं पाणी का भरून ठेवत होते? थर सुटावा म्हणून. काल मीच सांगितलं होतं की हा बंबातला थर आहे. काल तोंडानं सांगितलं आणि आज हातानं चिंच लावली.

दगड तसाच उचलून पाण्याखाली धरला. पुसला. वरचा अर्धा भाग, जो काल आरशासारखा होता, तो आंधळा झाला होता. काळपट रेघेच्या बोटभर वर मी थांबले होते.

जाऊ आली तेव्हा मी त्याला पदरात धरून बसले होते. तिनं सगळं ऐकलं, दगड उलटा-सुलटा केला आणि म्हणाली, "खोबरेल त्याल चोळा. चमक येती. काळ्या पाट्याला येती, ह्याला न येऊन सांगती कुनाला?"

"आनि तिनं भिंगातनं बघितलं मंग?"

"मंग म्हना, दिवाळीला समद्यांनाच त्याल लागतंय."

मी तिला तेलाची बाटली जागेवर ठेवायला लावली. हे लपवण्यासारखं नव्हतं. तिचं सगळं काम खरं काय ते शोधायचं, आणि तिच्याच दगडाला मी तेल फासून गप बसायचं, हे मला पटणारं नव्हतं. पण खरं सांगते, ती येईपर्यंतचे दोन तास मी चार वेळा बाटलीकडं बघितलं.

ती आली, पिशव्या टेकवल्या, आणि मी उभ्या उभ्याच सांगितलं. "तुझ्या दगडाला मी चिंच लावली. लिंबू बी."

तिनं आधी दगड घेतला. मग विचारलं, "रेघेला?"

"न्हाई. बोटभर वर थांबले."

"धुतलास लगेच?"

"लगीच."

ती ओट्यावर उन्हात बसली आणि मांडीवर दगड घेतला. तिनं रागावून काही बोलावं असं मला फार वाटत होतं. जाऊसुद्धा गप होती, आणि ते तिला जमत नाही. शेवटी नात म्हणाली, "दुसरा भाग आहे, आज्जी. फोटोही आहेत. पण हा मला जसाच्या तसा परत द्यायचा होता." आणि तिनं भिंग काढलं, डोळ्याला लावायचं, गुंडीएवढं. चिंच लागलेल्या जागी बघत राहिली. बराच वेळ.

"बघू मला," मी म्हणाले. गुन्हा माझा, तर मला बघायला तरी मिळावा.

भिंगातनं ती जागा म्हणजे उकरलेलं रान. खड्डे, टोकं, आणि रेघा मधेच तुटलेल्या, उंदरानं भाकरीची कड कुरतडावी तशा. आणि हे मी पूर्वी पाहिलेलं होतं. भिंगाशिवाय पाहिलं होतं. मी भिंग खाली घेतलं आणि विचारलं, "ती तुझी काळी रेघ हाय ना, तिथं बंब बंद व्हता का घासला व्हता?"

"काय?"

मग मी तिला सांगितलं. बंबातल्या थरात रेघ दोन तऱ्हेनं पडते. आम्ही ऊसतोडीला जायचो तेव्हा दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत घराला कुलूप. बंब कोरडा पडलेला, झाकण बसत नव्हतं, आत धूळ जायची. परत आल्यावर पुन्हा पाणी, पुन्हा थर, आणि मधे ती धुळीची रेघ. ही एक तऱ्हा. पुढं तोड सुटली, दिवाळीला आम्ही घरी असायला लागलो, तेव्हा दिवाळीला मी बंबात चिंच भरायला लागले. सगळा थर काही निघायचा नाही, वरचा तेवढा खाल्ला जायचा. त्याच्यावर पुन्हा नवा बसायचा. तिथंही रेघच. म्हणजे एक रेघ मी घरात नव्हते म्हणून, आणि दुसरी मी होते म्हणून.

नात उठून उभी राहिली. "बंब कुठं आहे?"

बंब माळ्यावर. माझ्या मामानं लग्नात दिलेला, तांब्याचा. खालनं गळायला लागला आणि गीझर आला तेव्हापासून गोधड्यांच्या मागं पडलेला. नात माळ्यावर चढली, जाऊनं शिडी धरली आणि मी खालनं सूचना केल्या. जाऊ म्हणाली, "दिवाळीचं घर आवरायचं सोडून पसारा काढनारी मानसं मी ह्याच घरात बघितली." तरी बंब खाली आल्यावर पहिला हात तिनंच आत घातला. नळीवर लाकडी बत्त्यानं टकटक केलं तर कवलाच्या तुकड्यासारखी एक खपली निघाली, करंगळीएवढी जाड. नातीनं तिची कड विळा पाजळायच्या दगडावर पाणी टाकून घासली, आणि आतल्या रेघा उघड्या पडल्या. खरंच, त्या उत्तरेच्या दगडासारख्याच.

मग आम्ही तिघी ओट्यावर, भिंग एकीकडून दुसरीकडं. तांब्याला चिकटलेला पहिला थर पांढराशुभ्र, तो लग्नानंतरचा, हापशाचा. मग उंदराच्या रंगाची एक बारीक रेघ.

"हे पयलं साल," मी म्हणाले. "त्याच्या वरची दुसरी. तुझी आई त्या साली झाली. बेलापूरच्या अंगाला, उसाच्या फडात. पाडव्याला आले तर हातात लेक आनि बंबात धूळ."

नात त्या रेघेवर नख टेकवून थोडी बसली. मग म्हणाली, "तिसरी, चौथी. चार वर्षं गेलात तुम्ही."

"चारच," मी म्हणाले.

"पाच," जाऊ म्हणाली.

"चार गं."

"पाच सालं गेलो आपुन. शेवटच्या साली माझं लगीन झालेलं, मी पयल्यांदा आले तुमच्यासंगं, आनि मुकादमानं मला बैलाच्या पुढं चालायला लावलं. तुमी चार म्हनताय म्हंजे मी गेलेच न्हाई व्हय? कोयत्याचा वन अजून हाय पायावर, दाखवू का?"

पाय दाखवायची गरज नव्हती, वण मला पाठ आहे. पण खपलीत चारच रेघा होत्या. चौथीच्या वर थोडा पांढरा थर आणि मग एकदम ती कुरतडलेली कड, चिंचेच्या पहिल्या दिवाळीची.

नातीनं खपलीवरच्या रेघा पुन्हा मोजल्या. मग तिनं बंब आडवा केला आणि नळीच्या पार वरच्या अंगाचा थर ठोकायला घेतला. म्हणाली, "चिंचेचं पाणी काठोकाठ भरायचीस?"

"न्हाई. रोजचं काठोकाठ, चिंचेचं चार बोटं खाली. उतू जातं."

वरची खपली निघाली. तीही घासली. त्यात पाच रेघा होत्या. सगळ्या सरळ, एकमेकींना धरून चाललेल्या, वर कुठं कुरतडलेलं नाही.

"धाकट्या आज्जी, तुमचं साल चिंचेनं खाल्लं होतं," नात म्हणाली. "वर जिथं चिंच पोचली नाही तिथं आहे."

जाऊनं पदर झटकला. "मी म्हनत व्हते. माझं साल हिनं घासून टाकलं, आनि वर म्हनती चारच गेलो."

मी हसले, पण माझं लक्ष नातीकडं होतं. तिनं खपल्या बाजूला ठेवल्या होत्या आणि आपला दगड हातात घेतला होता. आता मलाही कळत होतं ती काय शोधतेय. काळ्या रेघेखालच्या रेघा तिच्या बरोबरीनं सरळ चालल्या असतील, तर बंब बंद होता. मधेच तुटल्या असतील, तर घासला होता. ती कडेकडेनं भिंग सरकवत गेली. डावीकडनं मध्यापर्यंत ठीक असावं, कारण तिचे खांदे उतरलेले नव्हते. मग उजव्या कडेला ती थांबली. पुन्हा मागं आली. पुन्हा गेली.

"बघ," तिनं दगड माझ्याकडं दिला.

उजव्या अंगाला, काळ्या रेघेच्या खाली, रेघा तिला येऊन मिळत होत्या आणि तुटत होत्या. एक, दोन, तीन. आणि रेघेची खालची कड दातेरी होती. मी सकाळी केलं होतं तेच, फक्त लाखो वर्षांपूर्वी आणि माझ्याशिवाय.

"घासलाय," मी म्हणाले. म्हणायला नको वाटत होतं, पण दिसत होतं ते दिसत होतं.

"हो." तिनं दगड परत घेतला आणि म्हणाली, "मला थंडी हवी होती, आज्जी. म्हणून मी सरळ बाजूच बघत होते. ही बाजू मी फोटोत पाहिलेली आहे. दोन वर्षं पाहिलेली आहे."

जाऊ उठून आत गेली आणि चहा टाकला. ती तशी आहे, तोंडानं टोचेल आणि हातानं चहा करेल. मी नातीला विचारलं, कारण मला विचारल्याशिवाय राहवत नाही, "मंग तिथं चिंच कुनी वतली?"

"पाण्यानंच. पाण्यात चुना भरलेला असला की ते दगड वाढवतं. चुना न घेता भसाभसा आलं की दगड खातं."

"भसाभसा म्हंजे लई पानी."

"हो."

"म्हंजे बर्फ न्हवता."

ती चहाचा कप घेऊन थबकली. "निदान शेवटी शेवटी नव्हता. आधी गोठलं असेल आणि मग पूर आल्यासारखं पाणी आलं असेल. किंवा गोठलंच नसेल. आता नक्की असं म्हणता येत नाही." आणि तिनं वही काढली. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. चहा गार झाला. मी तो परत तापवून आणला तेव्हा तिच्या तोंडावर जे होतं ते दुःख नव्हतं. पुडीचा कागद फाटलेला निघाल्यावर पुढचा तुकडा दुसऱ्या पुडीला असेल का म्हणून मी शोधायचे, तेव्हा मला आरसा दाखवला असता तर तसंच दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सरांना फोन लावला. मी देवघरात वाती वळत होते, तिची बाजू तेवढी ऐकू आली.

"सर, दोन गोष्टी सांगायच्या आहेत. दोन्ही वाईट आहेत... हो, दगड नीट आहे. म्हणजे अर्धा नीट आहे... चिंच, सर... चिंच. नाही, लिंबूपण... आज्जीनं... नाही, मुद्दाम नाही, दिवाळीची आंघोळ म्हणून..." मग बराच वेळ तिकडनं बोलणं. मग तिनं रेघेचं सांगितलं, सगळं, आडपडदा न ठेवता. उजवी बाजू मी बघत नव्हते, हेही सांगितलं. मला वाटलं आता ओरडा बसणार. ती एवढंच म्हणाली, "हो सर. बंबाचे दोन तुकडे आहेत... हो, आणते."

फोन ठेवून ती देवघराच्या दारात आली. "प्रकरण पुन्हा लिहायचं आहे. आणि बाकीच्या सगळ्या दगडांच्या रेघा पुन्हा बघायच्या आहेत, दोन्ही बाजूंनी. तीन महिने तरी जातील."

"रागावले का?"

"दगडावरनं रागावले. रेघेवरनं नाही." आणि मग, "बंबाच्या खपल्या मागितल्यात."

जाऊ ओट्यावरनं म्हणाली, "माझं साल हाय त्याच्यात. जपून ने म्हनावं."

भाऊबीज झाली आणि ती गेली. डब्यात दगड, आणि शेजारी स्पंजमध्ये आमच्या बंबाच्या दोन खपल्या, एकीवर चार आणि दुसरीवर पाच असं पेनानं लिहून. दगडाच्या आंधळ्या झालेल्या भागाबद्दल ती मला पुन्हा काही बोलली नाही. तो तसाच राहणार आहे. तिथल्या कपाटात त्याच्या चिठ्ठीवर तिनं काय लिहिलंय तेही मी विचारलं नाही, जरी विचारावंसं फार वाटतं.

पंधरा दिवसांनी फोन आला. आणखी तीन दगड पाहून झाले होते. दोन दगडांत रेघ सरळ होती, बंब बंद असल्यासारखी. एकात घासलेली. म्हणजे थंडीही होती आणि पाणीही, आपापल्या वेळी, आणि आता कुठलं कधी ते शोधायचं होतं. बोलताना तिचा आवाज घाईचा होता, चांगल्या घाईचा. मग म्हणाली, "आज्जी, एक विचारायचं होतं. सरांनीच विचारायला सांगितलंय. दगडावर चिंच आणि लिंबू नेमकं किती वेळ होतं?"

मी आठवून सांगितलं, "अन्नपूर्णा घासून व्हायला लागती तेवढा."

"म्हणजे किती मिनिटं?"

ते मला सांगता येईना. म्हणून मी मोजायचं ठरवलं. बंबात अजून खपल्या आहेत. आता रोज दुपारी ओट्यावर चार वाट्या मांडते. एकीत चिंच, एकीत लिंबू, एकीत आंबट ताक, आणि एकीत नुसतं बोअरचं पाणी. प्रत्येकीत खपलीचा एकेक तुकडा, आणि शेजारी मोबाईलमधलं घड्याळ. जाऊ म्हणते, देव सोडून आता हिनं बंबाचा थर पूजायला घेतला. पण वाट्या मांडल्या की तीच आधी येऊन बसते आणि ताकाच्या वाटीत डोकावून सांगते, "ह्याला अजून काय झालं न्हाई. लिव्हा."